निम्मा हवेचा, निम्मा विजेचा

खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये सगळ्यांत जाड हार व्हीएमसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला पडतो. तिचे बँकेचे हप्ते अजून फिटायचेत, त्यामुळे तो मान तिचाच. मग दोन लेथ, मिलिंग, ड्रिल, बेंच ग्राइंडर असं करत हार बारीक होत जातात. शेवटी ताटात देठ तुटलेलं एखादं झेंडूचं फूल उरतं. ते कंप्रेसरच्या बेल्ट गार्डच्या जाळीत खोचायचं आणि पेढे वाटायला घ्यायचे, अशी वर्षानुवर्षांची रीत आहे.

कंप्रेसरची जागाही त्याच लायकीची. भोसरीतली कुठलीही छोटी शेड बघा, कंप्रेसर मागच्या भिंतीला, संडासाला खेटून, भंगाराच्या पोत्यांशेजारी उभा असतो. आवाज पुढे ऑफिसात येऊ नये म्हणून त्याला तिथे नेऊन ठेवलेलं. तिथली धूळ तोच ओढतो आणि मग फिल्टर सारखा कसा चोंदतो याचं सगळ्यांना नवल वाटतं. पण व्हीएमसीचं टूल बदलायचं तर हवा लागते, चकचे जबडे आवळायला हवा, जॉबवरची बर उडवायला हवा. एवढंच कशाला, संध्याकाळी घरी जाताना शर्टावरची धूळसुद्धा पोरं त्याच गनने उडवतात. कुणाच्या अंगावर अशी हवा मारणं धोक्याचं असतं, हे भिंतीवरच्या पाटीवर लिहिलंय. त्या पाटीवरची धूळही हवेनेच उडवतात.

मी या शेडमध्ये चलनं आणि बिलं लिहितो. मला पाना धरता येत नाही की टेस्टर, त्यामुळे बिघाड झाला की माझ्या हातात बॅटरी दिली जाते. ‘जरा इकडं मारा उजेड’ एवढंच माझं काम. पण बॅटरी धरणाऱ्या माणसाला सगळं दिसतं, आणि त्याचं मत कुणी विचारत नाही. प्रेशर स्विच नावाच्या वस्तूचा माझा अभ्यास त्या उजेडात झालेला आहे.

तर टाकीच्या वरच्या अंगाला मुठीत मावेल न मावेल असा काळा डबा असतो, तो प्रेशर स्विच. आत भानगड फार नाही. खालून टाकीतली हवा एका रबरी पडद्याला ढकलते, वरून एक स्प्रिंग त्याच पडद्याला दाबून धरते. हवा जिंकली की कॉन्टॅक्ट उघडतात आणि मोटर बंद. स्प्रिंग जिंकली की कॉन्टॅक्ट मिटतात आणि मोटर चालू. आमच्याकडे आठ किलोला बंद, सहा किलोला चालू. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो, पण भोसरीत पुढचं कुणी उच्चारत नाही. डिप्लोमा करून आलेला पोरगा ‘बार’ म्हणतो, पंक्चरवाला नुसताच ‘तीस टाकू का पस्तीस’ विचारतो, आणि आमचे शेठ ‘हवा फुल आहे ना?’ एवढ्यावर भागवतात. सहा आणि आठ यांच्यामधले दोन किलो म्हणजे मोटरची विश्रांती. ते अंतर नसतं तर मोटर दर मिनिटाला चालू-बंद होत बसली असती आणि चार दिवसांत जळाली असती. शेठना ही विश्रांती वाया गेलेला वेळ वाटते. डब्यातला स्क्रू पिळून अंतर कमी करता येईल का, असं ते अधूनमधून विचारतात.

डब्याच्या कुशीला एक बारीक नळी असते. मोटर थांबली की तिथून ‘फुस्स’ असा आवाज येतो. पंपाच्या हेडपासून टाकीच्या तोंडापर्यंतच्या नळीत कोंडलेली हवा सोडून दिली जाते, म्हणजे पुढच्या खेपेला मोटरला छातीवर ओझं घेऊन उठावं लागत नाही. ही हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह म्हणजे अनलोडर. शेडमधल्या माणसांना तो फुस्स इतका अंगवळणी पडलेला असतो की तो ऐकूही येत नाही. पण एखाद्या वेळी आला नाही, तर लेथवरची मान वर होते, पॅकिंगवाला थांबतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

आता खरी रड. हा डबा निम्मा हवेचा आणि निम्मा विजेचा. त्यामुळे दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीवर सापडलेल्या बेवारस मोटारसायकलीची जी गत, तीच त्याची. मोटर सुरू होत नाही म्हणून वायरमनला बोलावलं, की तो झाकण काढतो, टेस्टर लावतो आणि म्हणतो, “सप्लाय ओके हाय. मेकॅनिकल फॉल्ट.” झाकण उघडं टाकून तो जातो. मग आमचा फिटर आप्पा येतो. तो उघडं झाकण आणि आतल्या वायरी बघूनच चार पावलं मागे सरतो. “ह्यात करंट हाय. हे माझं काम न्हाई.” आप्पाने उभ्या आयुष्यात पाचशे किलोचा जॉब एका साखळीवर झुलवलाय, पण तीन वायरी दिसल्या की त्याचे हात खिशात जातात. वायरमनचं उलट आहे. चारशे चाळीस व्होल्टच्या पॅनलमध्ये तो शीळ घालत हात घालतो, आणि हवेचं कनेक्शन सोडायला सांगितलं की ‘फुटलं-बिटलं तर?’ म्हणून दारात उभा राहतो. दोघांनी एकाच वेळी यावं असा तोडगा शेठनी एकदा काढला होता. दोघं आले, चहा प्यायले आणि तिसऱ्याच माणसाची चूक आहे यावर त्यांचं एकमत झालं. तिसरा म्हणजे महावितरण.

मोटर सुरूच होत नसेल तर त्याची कारणं खरं म्हणजे किरकोळ असतात. कॉन्टॅक्टवर काजळी धरलेली असते, स्टार्टरचा ओव्हरलोड पडलेला असतो, एखादी फेज गेलेली असते. एकदा तर तासभर खटपट झाली, कॉइल तपासली, वायरी ओढून बघितल्या, दोन शेडपलीकडच्या इलेक्ट्रिशियनला हात जोडून बोलावून आणला. त्याने डब्यावरचा छोटा दांडा ‘ऑफ’वरून ‘ऑटो’वर सरकवला आणि चहासुद्धा न घेता गेला. दांडा कुणी ऑफ केला याची चौकशी अजून चालू आहे.

मोटर थांबतच नाही, तेव्हा खरी मजा असते. दाब आठाच्या पुढे जातो, मोटर आपली चालूच. अशा वेळी कुठलाही शेठ जे करतो तेच आमच्या शेठनी केलं. एका जिवंत माणसाला प्रेशर स्विच नेमलं. आयटीआयचा अप्रेंटिस होता, नुकताच लागलेला. त्याला स्टुलावर बसवला, एक बोट स्टार्टरच्या लाल बटणावर, एक हिरव्या बटणावर, नजर गेजवर. “आठला बंद, सहाला चालू. एवढं तरी जमेल ना?” पोरगं अतिशय मन लावून बसलं. अडचण एवढीच, की आमचा गेज दोन किलो कमी दाखवतो. युजेन बुर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने 1849 मध्ये या गेजचं पेटंट घेतलं. आत चपटी वाकवलेली नळी असते, दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. आमच्यातली ती नळी कधीकाळी पान्याचा फटका बसून काय ती एकदाच वाकायची ती वाकली. बदलण्याऐवजी ‘दोन मिळवायचे’ असा ठराव झाला. जुन्या माणसांना हे पाठ आहे. नव्या माणसाला रुजू होताना पगार, सुट्टी आणि हे दोन किलो एवढ्या तीन गोष्टी सांगायच्या असतात. त्या पोराला पगारसुद्धा नीट सांगितला नव्हता.

तो बिचारा गेजवर आठ यायची वाट बघत बसला. टाकीत दहा होत आले आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला.

ज्यांनी बंद शेडमध्ये सेफ्टी व्हॉल्व्ह उडालेला ऐकला नाही, त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. पॅकिंगवाला टेबलाखाली गेला. चहावाला किटलीसकट रस्त्यापलीकडे दिसला. वायरमन, जो ‘मेकॅनिकल फॉल्ट’ म्हणून निघून गेला होता, तो गेटवरून ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ असं ओरडला. पोरगं तेवढं जागचं हललं नाही, लाल बटणावर बोट ठेवून थिजून बसलं होतं. त्याने बटण दाबलं, हे त्याचं शौर्य. शेठ ऑफिसातून बाहेर आले आणि पहिलं वाक्य बोलले, “हा व्हॉल्व्ह खराब दिसतोय. त्याला बोल्ट मारून टाका.”

आप्पा एरवी शेठना ‘हो मालक’ याशिवाय काही बोलत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला, “मालक, बोल्ट मारायचा असंल तर मी आधी घरी जातो.” खरं होतं त्याचं. आमची टाकी 220 लिटरची. आठ किलोला तिच्यात बाहेरची जवळजवळ दोन हजार लिटर हवा दाबून बसवलेली असते. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेला नियम लावून शाळेतला पोरगाही हा हिशेब करील. टाकीचं बाजूचं झाकण पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर त्यावर आतून साडेबारा टनांहून जास्त रेटा असतो. संडासाच्या भिंतीला खेटून, झेंडूच्या एका फुलावर, आम्ही साडेबारा टन सांभाळतो आहोत. या सेफ्टी व्हॉल्व्हचं मूळ शोधत गेलं तर ते डेनिस पापॅनच्या 1679 सालच्या भांड्यापाशी पोचतं. हाडं शिजवायला बनवलेलं ते भांडं म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा खापरपणजोबा. कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवा असं शेठ घरी म्हणू शकणार नाहीत, घरात वहिनी आहेत. शेडमध्ये वहिनी नाहीत. दाबावरच्या टाक्यांसाठी 1948 च्या कारखाना कायद्यात 31 वं कलम होतं, पण त्या कायद्यात बसावं एवढी माणसं आमच्याकडे नव्हती. टाकीला हे कुणी कळवलेलं दिसत नाही, ती पूर्ण दाबानेच भरते.

मोटर न थांबण्याचं कारण निघालं ते असं. टाकीतून स्विचकडे जाणारं बारीक छिद्र गंज आणि तेलाच्या काळ्या लगद्याने बुजलं होतं. टाकीत दहा किलो, स्विचला खबरच नाही. तो आपला प्रामाणिकपणे ‘अजून हवा कमी आहे’ असं समजून मोटर चालवत होता. तारेने छिद्र मोकळं केलं, स्विच सुरळीत. हा लगदा येतो कुठून, तर टाकीच्या बुडाच्या पाण्यातून. हवेतला ओलावा दाबला गेला की थंड होताना त्याचं पाणी होतं, पावसाळ्यात तर बदाबदा. खालचा कॉक रोज उघडायचा असतो. आमच्याकडे तो उघडला तेव्हा आधी काहीच आलं नाही, मग काळपट तांबूस पाणी आलं, आणि ते इतका वेळ येत राहिलं की पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. कॉक उघडणं हे काम नक्की कुणाचं? फिटर म्हणतो हेल्परचं, हेल्पर म्हणतो सेकंड शिफ्टचं. आमच्याकडे सेकंड शिफ्ट नाही.

पण आमच्या स्विचवर खरा अन्याय झाला तो हवा गळण्याच्या प्रकरणात. मोटर थांबली, फुस्स झालं, आणि फुस्स थांबेचना. त्या बारीक नळीतून सूं असा आवाज चालूच. दहा मिनिटांत टाकी सहावर, मोटर पुन्हा सुरू, पुन्हा बंद, पुन्हा सूं. साबणाचं पाणी लावायचीही गरज नव्हती, नळीपुढे बोट धरलं की गार हवा लागत होती. हवा स्विचमधून जाते म्हणजे स्विच गेला, यावर आयुष्यात पहिल्यांदा आप्पा आणि वायरमन यांचं खरोखरचं एकमत झालं. चोरी झाली त्या घराच्या मालकालाच उचलून न्यावं, तसला तो न्याय.

हा बिघाड अर्थातच बुधवारी संध्याकाळी झाला. भोसरीला गुरुवारी सुट्टी असते. म्हणजे गुरुवारी दुरुस्तीला वेळ असतो पण दुकानं बंद, आणि बाकी सहा दिवस दुकानं उघडी असतात पण वेळ नसतो. शेवटी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत माणूस धाडला. तिथे दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “सिंगल फेज का थ्री? किती किलोचा? वन वे का फोर वे? आटे पाव इंची का तीन सूत?” आमचा माणूस म्हणाला, “काळा आहे.” “सगळे काळेच असतात. सँपल आणलंय?” सँपल टाकीवर होतं. तो परत आला, सँपल काढलं, पिशवीत घातलं, पुन्हा गेला. पुण्याच्या बाजारात कुठल्याही पार्टपेक्षा त्याचं सँपल मौल्यवान असतं. ज्याच्या हातात सँपल त्याला गिऱ्हाईक म्हणतात, बाकीचे नुसते चौकशीवाले.

नवा स्विच आला. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून आप्पाने बसवला, वायरमनने वायरी जोडल्या, शेठनी नारळ फोडायचा तेवढा बाकी ठेवला. डब्याबरोबर आलेला आकृतीचा कागद हात पुसायला वापरला गेला. मोटर सुरू झाली, आठला थांबली, फुस्स झालं. आणि सूं.

“डुप्लिकेट माल!” शेठ म्हणाले. हे निदान आमच्याकडे सर्वात लोकप्रिय आहे, कारण त्यात शेडमधल्या कुणाचाच दोष नसतो. नळीचं तोंड दाबून टाकावं, एम-सील लावावं, इथपर्यंत चर्चा गेली. तेवढ्यात कुणाला तरी मामांची आठवण झाली.

मामा एका मोठ्या कंपनीच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेले. लुना विकून आता सायकलवर येतात. शर्टाच्या खिशात एकच स्क्रू ड्रायव्हर, बाकी हत्यारं ते ज्याच्या त्याच्याकडून घेतात. ते आले, दोन मिनिटं नुसते ऐकत उभे राहिले.

“शेठ, स्विच कधी बदलला?”

“कालच.”

“का बदलला?”

“हवा जात होती ना त्यातून.”

“आणि आता?”

“आता पण जाते.”

“मग बदलला कशाला?”

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी बॅटरी नीट धरली.

मामांनी सांगितलं ते इतकं सोपं होतं की आप्पाला राग आला. मोटर बंद असताना अनलोडर उघडाच असतो, तसाच असायला हवा. त्यातून फक्त पंपाच्या नळीतली हवा जायची, ती काही सेकंदांत संपते. संपत नाही, याचा अर्थ टाकीतली हवा उलटी फिरून त्या नळीत येते आहे. तिला अडवायचं काम एनआरव्हीचं, म्हणजे टाकीच्या तोंडावरच्या एकदिशा व्हॉल्व्हचं. “दरवाजा उघडा राह्यलाय तिकडं, आणि तुम्ही खिडकी बदलली.” मोटर चालू असतानाही नळीतून हवा गळत असती तर अनलोडर बघायचा. डब्याच्या अंगातूनच हवा येत असती तर पडदा फाटला म्हणायचं. मामांनी मेन बंद करायला लावलं, फ्यूज काढून खिशात टाकले, खालचा कॉक उघडून टाकी पूर्ण रिकामी केली. आप्पाने गेजकडे बोट दाखवून “झिरो हाय की” म्हटलं, तर म्हणाले, “तुमचा गेज झिरो म्हणतो तेव्हाच जास्त भ्या वाटतं.” त्यांना गेजची भानगड कशी कळली, विचारायचं राहून गेलं.

एनआरव्ही खोलला. आत नखाएवढी रबरी चकती, तिच्या बसण्याच्या जागेवर पिस्टनकडून आलेल्या कार्बनचा एक खडा. एवढासाच. बाजरीच्या दाण्याहून लहान. मामांनी तो नखाने काढला, चकती पुसली, उलटून बघितली, बसवली. मोटर चालली, थांबली, फुस्स झालं आणि शांत. मजुरी दोनशे रुपये आणि एक स्पेशल चहा. शेठना दोनशे फार वाटले, कारण काम पाच मिनिटांचं होतं. नव्या स्विचला त्याच्या कितीतरी पट गेले होते, पण त्यात माणूस दोनदा पुण्याला गेल्याचं समाधान तरी होतं.

जुना स्विच पूर्ण निर्दोष होता. तो आता ऑफिसच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर शेठनी मार्करने ‘चालू आहे’ असं लिहिलंय. शेठनी लिहिलंय म्हणून त्यावर कुणाचा विश्वास नाही, त्यामुळे तो पुन्हा कधी वापरला जाईल असं वाटत नाही.

तुमच्याकडे कंप्रेसर असेल आणि मोटर थांबल्यावर तिथून सूं असा आवाज येत असेल, तर बाजारात निघण्याआधी मेन बंद करून फ्यूज खिशात टाका. दांडा ऑटोवर राहिला तर मोटर तुम्हाला न विचारता सुरू होते आणि बोट बेल्टमध्ये जातं. टाकी पूर्ण रिकामी करा, कॉक उघडाच ठेवा, आणि आधी एनआरव्ही खोलून बघा. सेफ्टी व्हॉल्व्हला बोल्ट मारा असं कुणी म्हणालं, तर त्यालाच टाकीशेजारी स्टूल द्या. आणि एवढं करूनही स्विच आणायला जायचंच असेल, तर सँपल घेऊन जा.